कोयोटी लगेच पडत का नाही?

परवा भाची आली होती, वय वर्षं सात, बाहेर धो धो पाऊस आणि वाय-फाय तेवढं नशिबाने चालू, म्हणून लॅपटॉपवर रोड रनरचं जुनं कार्टून लावून दिलं. तो हाडकुळा कोयोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) सुसाट पळत आला, कडा संपला, खाली खोल दरी, आणि हा पठ्ठ्या हवेतच उभा. भाची म्हणाली, "मामा, तो पडत का नाहीये?" मी म्हटलं, अगं त्याला अजून कळलंच नाहीये ना खाली जमीन नाहीये ते. तर ही एकदम हळू आवाजात म्हणते, "मग त्याला कुणी सांगू नका."

हसून झालं, पण नंतर डोक्यात तेच घोळत राहिलं. का पडत नाही? आणि पडत नाही याचं हसू का येतं? यावर त्या कार्टूनवाल्यांनी अक्षरशः हिशेब मांडून ठेवलाय, वाण्याच्या चोपडीसारखा, सेकंदाच्या चोविसाव्या भागापर्यंत. तेच जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी थोडी ओळख. रोड रनर आणि कोयोटी ही जोडी पहिल्यांदा आली 'फास्ट अँड फ्युरी-अस' नावाच्या छोट्या फिल्ममध्ये, सप्टेंबर १९४९, वॉर्नर ब्रदर्स, 'लुनी ट्यून्स' मालिका. दिग्दर्शक चक जोन्स, गोष्ट मायकेल माल्टीझची, संगीत कार्ल स्टॉलिंगचं. आपण हे सगळं केबलवर पाहिलं म्हणून वाटतं की हे टीव्हीसाठी, पोरांसाठी बनवलं असेल, पण तसं नव्हतं, ही कार्टून्स थिएटरमध्ये मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवायचे आणि समोर बसलेले निम्मेअर्धे लोक ऑफिसातून दमून आलेले मोठे असायचे. गोष्ट काय तर एक भुकेला प्राणी एका पक्ष्याच्या मागे धावतो आणि त्याला तो मिळत नाही. संपली गोष्ट. संवाद नाहीत, हिरॉइन नाही, शेवटी कुणी सुधारत नाही. साधारण सात मिनिटं हेच.

आणि मजा म्हणजे ही फिल्म मुळात टवाळी म्हणून काढलेली. त्या काळात पाठलागाच्या कार्टूनांचं पेव फुटलेलं, मांजर उंदरामागे, कुत्रा मांजरामागे, नुसती पळापळ. जोन्स आणि माल्टीझ म्हणाले आपण याचं असं काही विडंबन करू की पाठलागाशिवाय दुसरं काही ठेवायचंच नाही, म्हणजे लोकांना कळेल हा प्रकार किती बिनडोक आहे ते. लोकांना काही कळलं नाही, लोक पोट धरून हसले. १९५२ मध्ये दुसरी फिल्म आली आणि मग लाईनच लागली. सुरुवातीला चित्र मध्येच थांबतं आणि प्राण्यांची खोटी खोटी लॅटिन नावं येतात ना, पक्ष्याचं 'अॅक्सेलेराटी इन्क्रेडिबस' वगैरे, तीही जीवशास्त्राच्या पुस्तकांची टवाळीच आहे.

खरं लॅटिन नाव वेगळं आहे, कारण रोड रनर हा खराखुरा पक्षी आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मलाही कॉलेजात गेल्यावर कळलं, तोपर्यंत मी त्याला शहामृगाचं पिल्लू समजायचो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा वाळवंटी भाग आणि मेक्सिको, तिथे राहतो, कोकिळेच्या कुळातला. आपल्याकडचा भारद्वाज बघा, तोही त्याच कुळातला, तोही उडायचा कंटाळा करत झुडपाखालून रुबाबात चालत जातो, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा हा लांबचा अमेरिकन भाऊ म्हणायला हरकत नाही. साप, सरडे मारून खातो. उडता येतं पण फारसा उडत नाही, पळतो, ताशी साधारण ३० किलोमीटरने. आता कोयोटीचं बघा. तो आपल्या कोल्ह्याच्याच जातकुळीतला, आणि पळायला लागला की ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. दुप्पट! म्हणजे खऱ्या वाळवंटात नुसत्या पळण्याच्या शर्यतीवर हे कार्टून पाव मिनिटात संपलं असतं, कोयोटीने ढेकर दिला असता आणि पाटी आली असती समाप्त.

तर कार्टूनने पहिली गोष्ट काय केली, तर हे प्रमाण उलटं केलं. शिकारी हळू, शिकार वेगवान. ऐकायला साधं वाटतं पण इथेच सगळं फिरतं. शिकारी वेगवान असेल तर आपल्याला भक्ष्याची काळजी वाटते, हृदय धडधडतं, तो थरारपट झाला. शिकार कधीच हाती लागणार नाही हे पक्कं माहीत असेल तर पक्ष्याची काळजी करायचं कारणच उरत नाही, मग आपलं सगळं लक्ष जातं त्या दुसऱ्याकडे, जो डोकं चालवतोय, नकाशे काढतोय, खोकी उघडतोय. रोड रनरला तर मनच नाहीये, तो म्हणजे हवामानासारखा आहे, येतो आणि जातो. विचार करतो फक्त कोयोटी. आणि जो विचार करताना दिसतो त्याच्या बाजूने आपण नकळत जातो, मग तो खायला निघालेला का असेना. चक जोन्सने लहानपणी मार्क ट्वेनचं एक प्रवासाचं पुस्तक वाचलेलं, १८७२ चं, त्यात कोयोटीचं वर्णन आहे की हा प्राणी म्हणजे चालतीबोलती गरिबी, सतत भुकेला. ते त्याच्या डोक्यात राहिलं होतं. म्हणून त्याचा कोयोटी गुबगुबीत दुष्ट लांडगा नाहीये, बरगड्या दिसतात त्याच्या.

आता पडण्याकडे येऊ.

खऱ्या जगात तुम्ही पळत पळत कड्याच्या पुढे गेलात (जाऊ नका) तर पाय सुटल्या क्षणापासून तुम्ही खाली पडायला लागता आणि त्याच वेळी पुढेही जात राहता, कारण पळण्याचा वेग काही हवेत विरून जात नाही. दोन्ही एकदम चालू. म्हणून वाट वाकडी होते, गच्चीवरून पाइपने पाणी मारलं की धार कशी कमान करून पडते, तशी. हे गॅलिलिओने सतराव्या शतकात नीट दाखवून दिलं. कोयोटी मात्र असा पडत नाही. तो आधी सरळ पुढे जातो, मग थांबतो, मग काटकोनात खाली. गंमत अशी की गॅलिलिओच्या आधी युरोपातले भलेभले विद्वान असंच काहीसं मानायचे, की फेकलेल्या वस्तूत जोर भरलेला असतो, तो जोर संपेपर्यंत ती जाते आणि संपला की खाली येते. म्हणजे कोयोटीचं पदार्थविज्ञान चुकीचं आहे असं म्हणण्यापेक्षा ते मध्ययुगीन आहे असं म्हणा.

आणि नुसतं मध्ययुगीन पण नाही, ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे अजून. १९८० च्या आसपास अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग झाले, त्यांना विचारलं की चालता चालता हातातला चेंडू नुसता सोडून दिला तर कुठे पडेल, तर बऱ्याच जणांनी सांगितलं की जिथे सोडला तिथेच सरळ खाली. खरं म्हणजे तो तुमच्याबरोबर पुढे जात जात पडतो. शिकलेली माणसं ही. म्हणून कोयोटी हवेत थांबतो तेव्हा आपल्याला ते अशक्य आहे हे माहीत असतं पण खटकत नाही, आतून कुठेतरी पटतंच. खटकलं असतं तर हसू आलं नसतं.

पण थांबतो ते ठीक, किती वेळ थांबायचं? आणि मग पडायला किती वेळ?

इथे हिशेब सुरू होतो. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रं दाखवते, एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. चक जोन्स सांगायचा की कोयोटी कड्यावरून खाली जाताना वरून दाखवायचा, तो लहान लहान होत दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, आणि मग काहीच नाही, नुसती दरी, आणि १४ फ्रेमनंतर खाली धुळीचा तो छोटासा ढग, फुस्स. तो म्हणायचा १३ फ्रेमला लोक हसत नाहीत, १५ लाही हसत नाहीत, १४ ला हसतात. एका फ्रेमचा फरक म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग, पापणी लवायलाही त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे ऐकून मला आधी वाटलं फेकतोय. पण विनोद सांगणारा कुणी जवळचा असेल तर आठवून बघा, तोच जोक, तेच शब्द, एक जण सांगतो तेव्हा अख्खी पंगत हसते आणि दुसरा सांगतो तेव्हा लोक वाढप्याला बोलावतात. फरक त्या मधल्या थांबण्याचाच असतो ना, फक्त तो आपण मोजत नाही.

मी जरा गणित करून बघितलं. १८ आणि १४ मिळून ३२ फ्रेम, म्हणजे १.३३ सेकंद. एवढ्या वेळात खरी वस्तू पडते किती, तर हवेचा अडथळा सोडून दिला तर पावणेनऊ मीटर, फार फार तर तीन मजली बिल्डिंग. पण चित्रात तर दरी दिसते शेकडो मीटरची. समजा ३०० मीटर धरली तर खरं पडायला जवळजवळ ८ सेकंद लागतील. आता तुम्ही आठ सेकंद मोजा मनात आणि कल्पना करा की पडद्यावर एक प्राणी नुसता पडतोय. तिसऱ्या सेकंदाला काळजी वाटायला लागेल, पाचव्या सेकंदाला वाटेल अरे हा मरणार, आठव्याला थिएटरात कुणीतरी पोरगं रडेल. म्हणजे गुरुत्वाकर्षण खरं दाखवलं असतं तर ती शोकांतिका झाली असती. म्हणून एकीकडे ढिलं सोडलंय आणि दुसरीकडे आवळलंय, कड्यावर वेळ ताणून धरलाय जिथे खरं तर शून्य वेळ मिळतो, आणि पडण्याचा वेळ आखडलाय जिथे खरं तर भरपूर लागतो.

कड्यावर जो वेळ ताणलाय त्यात काय घडतं हे नीट बघा कारण माझ्या मते सगळी कमाई तिथे आहे. कोयोटी पळत येतो, थांबतो. आपल्याला कळलेलं असतं, त्याला नसतं, हा पहिला भाग. मग तो पायाने चाचपतो किंवा खाली बघतो, त्याला कळतं, हा दुसरा. आणि मग तो आपल्याकडे बघतो. सरळ कॅमेऱ्यात. कान हळूच खाली येतात, बास, एवढंच. कधी एखादी छोटी पाटी काढतो. आणि मग जातो खाली, काही वेळा तर धड आधी जातं, मान ताणली जाते आणि तोंड शेवटी, म्हणजे अपमान सहन करायला चेहरा एकटाच मागे राहिलेला. ते आपल्याकडे बघणं म्हणजे 'बघितलंत ना माझं नशीब' असं विचारणं आहे, आणि त्या क्षणी आपण प्रेक्षक राहत नाही, साक्षीदार होतो. जोन्स हॉलिवूडमध्ये वाढला, मूकपटांचे विनोदवीर बघत मोठा झाला, हे बघणं त्याने तिथून उचललंय. इतर स्टुडिओ तेव्हा अख्खं शरीर नाचवायचे, हा माणूस सगळं थांबवून एक कान हलवायचा.

असल्या पडापडी-मारामारीच्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात, त्या शब्दाची पण एक गंमत आहे. जुन्या इटालियन नाटकमंडळींकडे दोन लाकडी पट्ट्या जोडून केलेली काठी असायची, कुणाच्या पाठीत हाणली की फाडकन मोठा आवाज यायचा पण लागायचं मात्र फारसं नाही. तीच ही स्लॅप-स्टिक. आवाज मोठा, मार लहान, हाच नियम शेकडो वर्षं चाललाय. कोयोटी पडला की रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, धुळीचा छोटा ढग आणि पुढच्या सीनला साहेब नवीन खोकं उघडून तयार. आपल्याला आतून खात्री असते की हा मरत नाही, म्हणून आपण मोकळेपणाने हसतो. खात्री काढून घेतली की हसू जातं.

बरं हे सगळं फ्रेममध्ये मोजून करायची गरज का पडली, कलाकार लोक काय इतके हिशेबी असतात होय? उत्तर पैशात आहे. साध्या सिनेमात दिग्दर्शक भरपूर शूटिंग करून ठेवतो आणि मग एडिटिंगला कापतो. कार्टूनमध्ये प्रत्येक फ्रेम हाताने काढलेली, काढायची आणि मग कापून फेकायची हे परवडणारच नाही. जोन्सला मिळायची साधारण ५४० फूट फिल्म, म्हणजे ६ मिनिटं, म्हणजे ८,६४० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र लागतंच असं नाही, बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम धरतात, तरी हजारो चित्रं झालीच. त्यामुळे वॉर्नरमध्ये दिग्दर्शक एकही चित्र रंगवलं जायच्या आधी अख्खी फिल्म कागदावर मोजून टाकायचा, कोण कितव्या फ्रेमला कुठे, थांबणार किती, पडणार किती. म्हणजे एडिटिंग आधी आणि शूटिंग नंतर. स्वयंपाकाआधीच भांड्याचं माप ठरवल्यासारखं. आणि मग केन हॅरिससारखे अॅनिमेटर त्या मापात जीव ओतायचे. पैसे कमी म्हणून माप आलं आणि मापामुळे टायमिंग इतकं धारदार झालं, हे मला सगळ्यात आवडतं यातलं.

आवाजाचीही तीच तऱ्हा. ते प्रसिद्ध 'बीप बीप' कुणा मोठ्या आर्टिस्टचं नाहीये, पॉल ज्युलियन म्हणून बॅकग्राउंड रंगवणारा चित्रकार होता, तो हातात चित्रांचा ढीग घेऊन स्टुडिओच्या बोळातून जायचा तेव्हा समोर कोण येतंय हे दिसायचं नाही म्हणून तोंडाने हॉर्न वाजवायचा, सरका सरका. तेच रेकॉर्ड केलं आणि वर्षानुवर्षं वापरलं. खरा रोड रनर पक्षी घुमल्यासारखा आवाज काढतो, हॉर्न बिर्न काही नाही. साउंड इफेक्ट ट्रेग ब्राउनचे, आणि कार्ल स्टॉलिंग तर मूकपटांच्या काळात थिएटरात बसून ऑर्गन वाजवणारा माणूस, पडद्यावर कोण पडलं की कुठली पट्टी दाबायची हे त्याच्या बोटांत मुरलेलं. या मालिकेत पळापळीला बऱ्याचदा चेक संगीतकार स्मेतानाच्या एका ऑपेरातलं नृत्यसंगीत वाजतं, आपण लहानपणी ते कार्टूनचंच म्युझिक समजायचो.

ती खोकी पण. कोयोटी सामान मागवतो ते अॅक्मे नावाच्या कंपनीकडून. अॅक्मे म्हणजे मूळ ग्रीकमध्ये शिखर, सर्वोत्तम, आणि फोनच्या डिरेक्टरीत नाव वर यावं म्हणून अमेरिकेत भरपूर दुकानं हे नाव लावायची, आपल्याकडे कशी दर गावात एक 'न्यू भारत' असते तसं. पहिल्या फिल्ममध्येच कोयोटी काय काय करतो, जेटचे बूट घालतो, उडायचा सूपर ड्रेस घालून कड्यावरून उडी मारतो आणि दगडासारखा खाली जातो, पाठीवर फ्रिज बांधून त्यातला बर्फ खिमा करायच्या यंत्रातून काढून वाळवंटात स्वतःपुरता स्कीइंगचा रस्ता तयार करतो. डोकं बघा किती आहे! एवढ्यात चार कोंबड्या विकत आल्या असत्या. आणि तो सगळ्यांत भारी, खडकावर बोगद्याचं चित्र काढतो, रोड रनर त्या चित्रातून आरपार निघून जातो, आणि हा मागून गेला की थाड. आता यात गुरुत्वाकर्षण वगैरे काही नाही, पण हिशेब तोच आहे: जगाचे नियम सगळ्यांना सारखे नाहीत, ज्याला गरज नाही त्याला सवलत आणि ज्याने मेहनत केली त्याला भिंत. सरकारी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

लोक म्हणतात की जोन्सने या मालिकेसाठी नऊ-दहा नियम लिहून ठेवलेले, पक्ष्याने कोयोटीला स्वतःहून इजा करायची नाही, कोयोटीचा सगळ्यात मोठा शत्रू गुरुत्वाकर्षण, आणि कोयोटी कधीही थांबू शकतो, पण थांबत नाही कारण तो नादिष्ट आहे. नियम छान आहेत. पण माल्टीझला पुढे कुणीतरी विचारलं तर तो म्हणाला असले काही नियम मी कधी ऐकले नाहीत. मला वाटतं आधी हात बसला आणि नियम नंतर सुचले, आजीच्या लोणच्याचं प्रमाण जसं आजीला कधीच सांगता येत नाही.

टायमिंग हेच सगळं आहे का अशी शंका असेल तर त्यालाही पुरावा आहे. १९६३ मध्ये वॉर्नरचा कार्टून स्टुडिओ बंद झाला, नंतर १९६५-६६ मध्ये रूडी लारिव्हा नावाच्या दिग्दर्शकाने कमी बजेटमध्ये रोड रनरच्या ११ फिल्म केल्या. तोच पक्षी, तोच कोयोटी, तीच दरी, तीच खोकी. पण वेळेची ती नस नाही, आणि संगीत तर बहुतेक फिल्ममध्ये आधीच रेकॉर्ड केलेले तुकडे फिरवून फिरवून वापरलेले, त्यामुळे पडणं आणि वाजणं यांची गाठच पडत नाही. जाणकार त्यांना नावं ठेवतात आणि मला पटतं. शोधून एखादी बघा, कोयोटी पडतो, तुम्ही म्हणता पडला, आणि मोबाईल बघायला लागता.

घरी करून बघायचं असेल तर व्हिडिओ पॉज करून एकेक फ्रेम पुढे सरकवता येतो, फक्त नेटवरच्या कॉपीत फ्रेमचा वेग कधी कधी बदललेला असतो त्यामुळे आकडा तंतोतंत जुळेलच असं नाही. मी भाचीला घेऊन बसलो मोजायला, कोयोटी कड्यावरून सुटला, एक, दोन, तीन, मी बटण दाबतोय आणि तो ठिपक्यासारखा लहान होतोय, सोळाच्या आसपास पोचलो असेन तेवढ्यात तिने माझा हात बाजूला केला. "मामा, आता पडू दे ना त्याला."